कपाटातलं वायफाय

वायफायचं डबडं घरात आलं तेव्हा केशरबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि काळुरामशेठनी ते सरळ लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. महागाची वस्तू कपाटात, हा घरचा रिवाज. वायर तेवढी दाराच्या फटीतून आत गेलेली. शीळफाट्याच्या रस्त्याला लागून त्यांचा बंगला. अशी वस्तू उघड्यावर ठेवायला ते काय वेडे होते?

हा सगळा खटाटोप करिश्मासाठी. एकुलती एक लेक, लग्न होऊन कॅनडात गेलेली. ती कायमची परत येणार म्हणून शेठनी बंगल्यावर अख्खा मजला चढवला होता. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा, पण तिचं तोंड अर्धं उघडं राहून गोठायचं आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा. सारखं "काय? काय?" विचारलं तर पोरीला वाटायचं, बाप म्हातारा झाला. म्हणून शेठ मान डोलवत ठोकून द्यायचे, "हो हो! चांगलं, चांगलं!"

आधी त्यांनी महागडा प्लॅन घेतला. मग सिग्नल वाढवणारं दुसरं यंत्र आणलं. तेही कुलपात, पहिल्याच्या शेजारी. तरी फरक नाही म्हटल्यावर नजर गेली शेजारच्या धाकट्या भावाच्या, राघोच्या, नव्या शेडवर.

"तुझा पत्राच खातोय माझा सिग्नल!" भर गल्लीत शेठ ओरडले. बिचाऱ्या राघोने शेड उतरवली आणि भावाशी बोलणं टाकलं. सिग्नल जिथल्या तिथे!

शेवटी केशरबाईंनी राघोच्याच मुलीला, समृद्धीला बोलावलं. ती ठाण्याला एका कंपनीत नेटवर्कचंच काम करायची. तिने कपाट उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"मोठे काका, लोखंडातून सिग्नल बाहेर येणार कसा? यातून पाच आणि दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झचे असे दोन सिग्नल निघतात. पाचवाला फास्ट, पण भिंती आल्या की ढेपाळतो. दोन पॉइंट चारवाला स्लो, पण लांब जातो. तुम्ही तर दोघांनाही कोंडून ठेवलंय!"

"आणि राघोचा पत्रा?"

"त्याचा काय संबंध? उगाच उतरवायला लावलात."

शेठना मेल्याहून मेल्यासारखं झालं. समृद्धीने डबडं हॉलच्या मधोमध उंच फळीवर ठेवलं.

रविवारी करिश्मा दिसली ती अगदी समोरच्या खुर्चीत बसल्यासारखी. शेठ हरखून गेले.

"काय गो पोरी, कधी येतेस? वरचा मजला तयार आहे बघ!"

करिश्माचा चेहरा उतरला. "बाबा, असं काय करता? होळीला विचारलेलं ना मी तुम्हाला? इथेच घर घेऊन कायमचं राहू का? दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, हो हो, चांगलं, चांगलं. कालच आलो आम्ही नव्या घरात."

तिच्या पाठीमागे न उघडलेली खोकी स्वच्छ दिसत होती. केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. शेठनी मोबाईल कानाशी नेला, पुन्हा समोर धरला.

"हॅलो? हॅलो? तुटतोय गो आवाज... काहीच ऐकू येत नाही..."

"ऐकू येतंय, बाबा," करिश्मा हळूच म्हणाली. "तुमच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा दिसतंय मला."