नवी सुई, जुनी उडी

नॉर्बर्ट गॅब्रिशने रेकॉर्ड प्लेयरची सुई बदलायचं ठरवलं, तेव्हा त्याचा हेतू अत्यंत चांगला होता. (नवऱ्याचा हेतू चांगला असला की बायकोने आधी पायात जाडजूड बूट घालावेत. डेलोरिसला हे रविवारी कळलं, पण तोवर तिने सँडल घातल्या होत्या.)

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात राहणारा नॉर्बर्ट बिअरच्या कारखान्यातून रिटायर झालेला. बाटल्या भरणाऱ्या मशीनशेजारी उभं राहून त्याने सगळी नोकरी काढली. पगार कारखान्याने दिला आणि कान ठेवून घेतले. आता घरात फोन वाजला की तो दार उघडायला जायचा, आणि दार वाजलं की डेलोरिसला विचारायचा, "काही म्हणालीस का?" असा हा गृहस्थ आवाजाची प्रत सुधारायला निघाला होता.

कारण होतं पोल्का या जलद नाचाच्या गाण्याची एक रेकॉर्ड. लग्नात कुणीतरी आहेर म्हणून दिलेली. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला घराच्या तळघरात, बार आणि बोलिंगचे चषक यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, दोघं तिच्यावर नाचायची. सुरुवातीच्या वर्षांत पालुपद आलं की नॉर्बर्टही गायचा. त्याला पोलिश भाषा येत नव्हती, पण आवाज होता, आणि मशीनपुढे बोलायची सवय असल्यामुळे तो आवाज थेट डेलोरिसच्या कानात जायचा. ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. प्रेम म्हणतात ते हेच, अशी नॉर्बर्टची खात्री होती.

मग एका वर्षी त्या रेकॉर्डवर कुठूनसा ओरखडा आला. सुई पालुपदापाशी पोचली की टक् करून उडायची ती थेट पुढच्या अकॉर्डियनच्या तुकड्यावर. पालुपद गेलं ते गेलंच. नाचणाऱ्यांची पावलं चुकायला लागली, म्हणून दोघांनी त्या जागी एका पायावर एक छोटी उडी बसवून टाकली. पुढे मुलीने ती उचलली, मेहुण्याने उचलली, भाचरंडांनी उचलली. बघता बघता ती गॅब्रिश घराण्याची उडी झाली. मुलगी कॅरल हिच्या लग्नात तर बँडवाल्यालाच पालुपद गाळून वाजवायला लावलं होतं. त्यासाठी डेलोरिस स्वतः अकॉर्डियनवाल्याकडे गेली होती. तो म्हणाला, "बाई, आजवर लोकांनी मला गाणी वाजवायला सांगितली. ओरखडा वाजवायला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच." पण त्याने वाजवला.

तर या वर्षी गोष्ट जरा नाजूक होती. लग्नाचा वाढदिवस रविवारी होता, आणि डेलोरिसच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन मंगळवारी ठरलं होतं. त्यानंतर बरेच महिने नाच बंद. डॉक्टरांच्या हातापाया पडून तिने रविवारच्या एका नाचाची परवानगी काढली होती. त्या एका नाचासाठी ती महिनाभर गुडघा जपत होती. बोलिंगला गेली तर नुसती बसून राहायची, आणि तळघरातले बटाटे आणायला नॉर्बर्टला पिटाळायची.

"मला तेवढा एक नाच हवाय, नॉर्ब," ती म्हणाली होती. "केक नसला तरी चालेल."

"बेक कशाला करतेस? विकत आणू की," नॉर्ब म्हणाला.

पण गोष्ट त्याच्या मनाला लागली होती. बायकोचा हा असा नाच, आणि त्यात पालुपदच नाही? त्याने ठरवलं, तिला ते परत आणून द्यायचं. गुपचूप.

रेकॉर्डच्या दुकानात एक दाढीवाला बसला होता. त्याने जुनी सुई भिंगाखाली धरली आणि एखादी दुःखद बातमी कळावी तसा चेहरा केला.

"ही सुई नाही हो, खिळा आहे हा. काय ऐकता?"

"पोल्का."

दाढीवाल्याने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, "असू दे. ही नवी घ्या. जुनी नुसती वरवर घसरतेय, ही खाचेच्या तळापर्यंत जाईल. रेकॉर्डमध्ये जे जे आहे ते सगळं ऐकू येईल."

"आणि मोठा ओरखडा असला तर?"

"ओलांडून जाईल. नुसतं टक् ऐकू येईल."

"आवाज मोठा येतो का?"

"मोठा नाही, स्वच्छ येतो."

"मग मोठीच द्या," नॉर्बर्ट म्हणाला.

घरी येऊन त्याने तळघराचं दार लावून घेतलं. जुनी सुई काढताना ती गालिच्यावर पडली. ती शोधायला त्याने चष्मा आणला, टॉर्च आणला आणि शेवटी व्हॅक्यूम क्लीनर आणला. (व्हॅक्यूम क्लीनरला ती लगेच सापडली.) वरून डेलोरिस ओरडली, "नॉर्ब, खाली काय चाललंय?" या वेळी त्याला ऐकू आलं. "काही नाही!" असं तो म्हणाला.

नवी सुई बसली. त्याने ती अलगद पालुपदाच्या आधी टेकवली. टक् झालं, आणि इतक्या वर्षांनी पालुपद म्हणणारा तो बाप्या त्या रेकॉर्डमधून पुन्हा गायला लागला. नॉर्बर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. उडीचा विचार त्याच्या मनात आलाच नाही. येणार कसा? उडी त्याच्या मनात नव्हतीच, ती पायात होती.

रविवारी चर्चहून सगळे घरी आले. तळघरात हॅम, कीलबासा सॉसेज, बटाट्याचं सॅलड आणि ब्रँडी यांची रांग लागली. डेलोरिसचा धाकटा भाऊ एर्विन बारमागे जाऊन उभा राहिला, कारण तिथून सगळ्या बाटल्या जवळ पडतात. डेलोरिस एकेक पायरी सांभाळत खाली आली. निळा ड्रेस, आणि बोटं उघडी राहणाऱ्या पांढऱ्या सँडल.

"डॅड, आज काहीतरी वेगळंच ऐकू येतंय," रेकॉर्ड सुरू होताच कॅरल म्हणाली.

"बघच तू आता," नॉर्बर्ट म्हणाला आणि त्याने बायकोचा हात धरला.

आणि काय सांगावं, डेलोरिस नाचली. जपून जपून ठेवलेला तो गुडघा तिने त्या दिवशी मोकळा सोडला. ती हसत होती, तिच्या कानामागून केस सुटले होते, आणि नॉर्बर्टला वाटलं, आपण आयुष्यात निदान एक काम तरी बरोबर केलं. मागे सगळं गणगोत जोडीजोडीने फिरत होतं.

ती जागा आली. सगळ्या घराण्याने एकदम एक पाय उचलला.

टक् झालं, आणि रेकॉर्ड पुढे गातच राहिली.

उडी मारून झालेली माणसं भलत्याच ठेक्यावर खाली आली. कॅरल नवऱ्यावर आदळली, नवरा टेबलावर, आणि बटाट्याचं सॅलड एका म्हाताऱ्या मावशीवर. डेलोरिस तेवढी जागच्या जागी थबकली. उघड्या तोंडाने ती रेकॉर्डकडे बघत राहिली. नॉर्बर्टचं मात्र दोन्हीकडून चाललं होतं. तोंडाने त्याने पालुपद पकडलं आणि पायांनी सवयीप्रमाणे उडी घेतली. तो सगळाच्या सगळा डेलोरिसच्या डाव्या पायाच्या बोटावर उतरला.

डेलोरिस किंचाळली.

नॉर्बर्टच्या कानांना ती किंचाळी सुरात लागली. उभ्या संसारात पहिल्यांदाच बायको आपल्याबरोबर गातेय, असं वाटून त्याचा ऊर भरून आला, आणि त्याने आवाज चढवला. ती आणखी किंचाळली. त्याने आणखी चढवला. शेवटी एर्विनने बारवरून उडी टाकून सुई उचलली, तेव्हा तळघरात एकटा नॉर्बर्टच गात होता.

बोट मोडलं होतं. मोडकं बोट असलेल्या पायाचं ऑपरेशन करणार नाही, असं म्हणून डॉक्टरांनी मंगळवारची तारीख रद्द केली आणि थेट उन्हाळ्यानंतरची दिली. तोवर जुना गुडघा, वर हे बोट.

दुसऱ्या दिवशी नॉर्बर्ट तळघराच्या पायरीवर बसून राहिला. गालिच्यावर अजून सॅलडचे डाग होते. त्याला फार वाईट वाटत होतं. महिनाभर ती याच पायऱ्या टाळत होती, एका नाचासाठी. तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि तो नाच आपण अर्ध्यावर मोडला, तोही बोटासकट. कुणी काही मागितलेलं नसताना देऊ नये, हे आपल्याला या वयात का कळू नये, असं त्याला वाटलं.

तो कॉफी घेऊन वर गेला. डेलोरिस खुर्चीत बसली होती, पाय उशीवर. स्वयंपाकघरात एर्विन उरलेलं हॅम संपवत होता.

"डी, माझं चुकलं," नॉर्बर्ट म्हणाला. "मला वाटलं, तुला ते पालुपद परत द्यावं. किती वर्षं झाली तू ते ऐकलं नव्हतंस."

डेलोरिसने कॉफी बाजूला ठेवली. "कसं ऐकणार? मीच खरवडून काढलं होतं ते."

नॉर्बर्टला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"मीच!" ती मोठ्याने म्हणाली. "क्रोशाच्या सुईने! एर्विनने रेकॉर्ड धरली होती!"

"मी नुसती धरली होती हं!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

नॉर्बर्ट मटकन खाली बसला. कॅरलच्या लग्नातला तो अकॉर्डियनवाला त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. "पण मी गायला लागलो की तू डोळे मिटून घ्यायचीस."

"कान मिटता येत नाहीत म्हणून."

"मग सरळ सांगायचं ना, गाऊ नको म्हणून!"

"सांगितलं होतं की. पुन्हा पुन्हा सांगितलं. दर वेळी म्हणायचास, 'थँक यू, डी.'"

नॉर्बर्टला ते आठवलं. त्या 'कौतुका'वर त्याने बरीच वर्षं काढली होती. त्याचा चेहरा पडला. त्याचं ते तोंड बघून डेलोरिसचा आवाज जरा उतरला.

"हे बघ, मला नाचायचं होतं, आणि नाचायचं होतं ते तुझ्याबरोबरच. नवरा बदलण्यापेक्षा रेकॉर्ड खरवडणं सोपं पडलं. आणि ती उडी मला आवडायची, नॉर्ब. गाण्याच्या जागी तू उडी मारायचास ना, तेव्हा फार गोड दिसायचास."

नॉर्बर्टला हसावं की रडावं कळेना. त्याने तिचा हात हातात घेतला. "आता काय करायचं?"

"आता माझी विणकामाची पिशवी आण. आणि तो प्लेयर वर घेऊन ये."

दोघा पुरुषांनी प्लेयर वर आणला. डेलोरिसने मांडीवर उशी घेतली, उशीवर रेकॉर्ड ठेवली आणि क्रोशाची सुई उचलली. या वेळी रेकॉर्ड नॉर्बर्टने धरली. एर्विन अनुभवी असल्यामुळे तो नुसत्या सूचना देत होता. "जरा डावीकडे. मागच्या वेळी अशीच धरली होती." पण नवी सुई भलतीच पक्की निघाली. डेलोरिसचा पहिला ओरखडा ती ओलांडून गेली, दुसराही ओलांडून गेली.

"चांगली सुई घेतलीस हो," डेलोरिस दात-ओठ खात म्हणाली. नॉर्बर्टने मान खाली घातली.

शेवटी तिने असा काही चर पाडला की सुई टक् करून उडाली आणि थेट अकॉर्डियनवर उतरली. डेलोरिसने बसल्या जागी चांगला पाय वर उचलून उडी पुरी केली. नॉर्बर्टनेही मारली, तिच्या खुर्चीपासून लांब, पार खिडकीजवळ. ती खुदकन हसली. पुन्हा लाव म्हणाली.

त्याने पुन्हा लावली. ती जागा जवळ आली. नॉर्बर्टचा ऊर भरून आला, छाती फुगली आणि तोंड आपोआप उघडलं.

"नॉर्ब," डेलोरिस हळूच म्हणाली. क्रोशाची सुई अजून तिच्या हातातच होती.

नॉर्बर्टला आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच हाकेला ऐकू आलं.