सा कोणी उतरवला

२०२३ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या नेपरव्हिलला दीड फूट बर्फ पडला आणि त्याच आठवड्यात शैलजाताईंवर व्हायोलिन बिघडवल्याचा आळ आला. ज्या बाईंनी नागपूरला धंतोलीत एकतीस वर्षं व्हायोलिन शिकवलं, त्यांच्यावर.

घर मुलाचं, यतीनचं. नात मैत्री पंधरा वर्षांची. शनिवारी दुपारी तिची स्पर्धा होती. जिंकली तर युवा ऑर्केस्ट्रात जागा मिळणार होती. वाजवायचा होता तीनशे वर्षांपूर्वीचा एक सोनाटा. त्या दिवशी सकाळी मैत्री गणिताच्या क्लासला गेली, तेव्हा शैलजाताईंनी सहज व्हायोलिनची पेटी उघडून तारा छेडल्या. त्या चक्क सा-प-सा-प अशा लागलेल्या होत्या, आपल्याकडे लावतात तशा. पाश्चात्त्य व्हायोलिनच्या तारा एरवी अशा नसतात. आजी आली म्हणून पोरीनं वाद्य आपल्या पद्धतीनं लावलं, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दहा मिनिटं भूप वाजवला, पेटी बंद केली आणि त्या कणीक भिजवायला गेल्या.

वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेल्या यतीननं भूप ऐकला आणि त्याला शंका आली. खाली येऊन त्यानं फोनमधल्या ॲपवर तारा तपासल्या. दोन जाड तारा चढलेल्या. आईनंच चढवल्या असणार, दुसरं कोण? त्यानं त्या एकेक स्वर खाली उतरवल्या, हिरवा दिवा लागला आणि तो समाधानानं परत वर गेला.

बारा वाजता मैत्री आली. तिनं गज फिरवला आणि थांबली.

"हू टच्ड माय ट्यूनिंग?"

"आजी वाजवत होती गं," यतीन जिन्यातूनच म्हणाला. "पण मी करेक्ट केलंय, डोन्ट वरी."

"बाबा, ते करेक्टच होतं. हा सोनाटा तारा बदलूनच वाजवतात. बुधवारपासून मी तशाच ठेवल्या होत्या, सेटल व्हायला."

यतीन दोन पायऱ्या खाली आला. मग म्हणाला, "ओके. कोणी केलं ते आता इम्पॉर्टंट नाही यार. सोल्यूशन बघू."

"माझं नाव होतं तोवर फार इम्पॉर्टंट होतं," शैलजाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"आई, तू वाजवलंच नसतंस तर मी बघायला आलो असतो का?"

"मी खुंटीला बोट लावलेलं नाही."

"आई, प्लीज, आत्ता नको," सूनबाई हिमानी म्हणाली. ती फोनवर होती. उशीर होईल, ग्रँडमदरकडून मिस्टेक झाली, असं ती आयोजकांना सांगत होती. शैलजाताईंना इंग्रजी फारसं बोलता येत नव्हतं. समजत मात्र सगळं होतं.

मैत्रीनं तारा पुन्हा चढवल्या. नुकती ओढलेली तार हळूहळू खाली सरकते, हे त्या घरात दोघींनाच माहीत होतं. गाडीत शैलजाताई व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसल्या.

चर्चच्या हॉलमध्ये सोनाट्याचा पहिला भाग छान झाला. दुसऱ्याआधी जाड तार उतरली. मैत्रीनं खुंटी पिळली, तार जास्तच वर गेली. सैल केली, जास्तच खाली आली. पुन्हा पिळली, पुन्हा तेच. हॉलमध्ये कोणी खोकतही नव्हतं. आणि दुसऱ्या रांगेतून शैलजाताईंनी सा लावला. शिष्याचा सा हलला की त्यांचा गळा आपोआप सुरू होई. एकतीस वर्षांची सवय. मैत्रीनं तार त्या सुरात मिळवली आणि शेवटपर्यंत सुरेख वाजवलं.

टाळ्या थांबल्यावर परीक्षक बाई आल्या. वाजवणं उत्तम, पण बाहेरून मदत झाली, म्हणून प्रवेश रद्द.

शैलजाताई उठून उभ्या राहिल्या. "सा इज नॉट हेल्प," त्या म्हणाल्या. "सा इज सा."

बाईंना काही कळलं नाही.

"यतीन, सांग त्यांना. सकाळपासून सांग. गाळू नकोस काही."

यतीननं घसा साफ केला. मुलीनं तारा बरोबर लावल्या होत्या, आईनं खुंटीला हात लावला नव्हता, उतरवल्या त्या मीच, हे सगळं त्याला चारचौघांसमोर इंग्रजीत सांगावं लागलं. "इट वॉज माय मिस्टेक," तो म्हणाला. हिमानीनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. परीक्षक बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, सहानुभूती दाखवली आणि प्रवेश रद्दच ठेवला.

मैत्रीला जागा पुढच्या वर्षी मिळाली. हिमानीनं आयोजकांना पुन्हा फोन करून मिस्टेक ग्रँडमदरची नव्हती, असं कळवलं. कोणाची होती, तेही कळवलं. परीक्षक बाईंनी स्पर्धेच्या नव्या फॉर्ममध्ये श्रोत्यांनी गाऊ नये, असा नियम घातला. म्हणजे तोवर तो नव्हताच, हे शैलजाताई आजही भेटेल त्याला ऐकवतात.

स्पर्धेनंतर दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, त्या धंतोलीला परतल्या. यतीन दर रविवारी फोन करतो.

"त्या बाईंकडे इंग्रजीत कबूल केलंस," त्या म्हणतात. "माझ्याकडे मराठीत कधी करतोस?"

"आई, आवाज तुटतोय तुझा."

"तुटू दे. मी धरून बसते."