सुभेदारांच्या त्रेचाळीस शाली

सुभेदार नाथाजींचं सगळं बरं होतं, फक्त त्यांना कुणी कार्यक्रमाला बोलावलं की 'नाही' म्हणता येत नसे. पेन्शनीवर कुंडलजवळच्या आपल्या गावी आल्यापासून शाळेचं गॅदरिंग असो, पतसंस्थेची सभा असो की कुणाच्या पिठाच्या गिरणीचं उद्घाटन असो, प्रमुख पाहुणे सुभेदार! आणि प्रमुख पाहुणे म्हटले की शाल-श्रीफळ आलंच. नारळाचं एक बरं असतं, त्याची चटणी होते, बर्फी होते. पण शालीचं काय करणार? (त्यांच्या पत्नी बनुबाईंनी एकदा एकीचा पडदा करून पाहिला. आलेला पाव्हणा विचारायला लागला, "आत कुणाचा सत्कार चाललाय जणू?") अशा त्रेचाळीस शाली घरातलं लोखंडी कपाट अडवून बसल्या होत्या.

त्यात सून रेश्मा तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन साताऱ्याहून येणार म्हणून निरोप आला. बनुबाईंनी कपाट उघडलं आणि चार शाली त्यांच्या डोक्यावर पडल्या.

"आवं, नातीची झबली ठिवायला एक कप्पा न्हाई घरात! ह्या शाली कुटंतरी दान करून टाका."

"करतो की."

"ऐतवारच्या आत. आन एक जरी शाल माघारी आली, तर मी फलटनला भनीकडं निगून जानार. नात तुमीच सांभाळा. दुपटी बी तुमीच धुवा."

सुभेदारांनी सरहद्दीवर बर्फात दिवस काढले होते, पण दुपटी म्हटल्यावर त्यांना घाम फुटला.

आता दान करायचं ते कुणाला? चार दिवस ह्यातच गेले. देवळात द्याव्यात, तर पुजाऱ्याकडंच साठ पडलेल्या. गोशाळेत फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, "साहेब, गाय ती खाऊन टाकंल." शेवटी त्यांनी इस्लामपूरचा एक वृद्धाश्रम निवडला आणि वीस शाली जीपमध्ये टाकून ऐटीत निघाले.

तिथले व्यवस्थापक इंद्रजित भलतेच खूश झाले. सुभेदार स्वतः आलेत म्हणजे काय! त्यांनी लगेच आजी-आजोबांना हॉलमध्ये बसवलं, माईक लावला आणि सुभेदारांचा सत्कार केला. शाल-श्रीफळ देऊन. सुभेदारांनी 'नको नको' म्हणत मान पुढं केली. (मान सवयीनंच जाते हो, तिचा काय दोष!) कार्यक्रम संपल्यावर इंद्रजित हळूच म्हणाले, "राग मानू नका, साहेब. येतो तो शालच आणतो. आमची अख्खी खोली भरलीय. आमच्या म्हाताऱ्यांना गुडघ्याला लावायचं तेल पायजे. तुमच्या शाली तेवढ्या घेऊन जावा."

सुभेदारांनी दुकानातून तेलाच्या दोन डझन बाटल्या आणून दिल्या आणि संध्याकाळी घरी आले. जाताना वीस शाली होत्या, येताना एकवीस.

बनुबाईंनी मोजल्या. मग फलटणला जायची पिशवी भरायला घेतली.

"अगं, थांब तर! एक डाव माफ कर."

"उद्या मी येते संगं. कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोडीची टोळी उतरलीया. पाल्याच्या कोप्यांत ऱ्हात्यात, आन ही थंडी! तितं ना माईक, ना अध्यक्ष. फकस्त तुमी गाडीतनं खाली उतरायचं न्हाई. तुमी उतरला की कोन तरी सत्कार करतंयच!"

दुसऱ्या दिवशी टोळी फडातून परत आली तेव्हा घरातल्या सगळ्या शाली घेऊन सुभेदारांची जीप कोप्यांसमोर उभी राहिली. बनुबाई उतरल्या. सुभेदार स्टिअरिंग धरून आतच बसले. बनुबाई एकेकीजवळ जाऊन स्वतःच्या हातानं शाल पांघरवत होत्या. एक चिमुरडी मोरपंखी शाल लुगड्यासारखी गुंडाळून सगळ्या कोप्यांपुढून मिरवून आली. एका पोरसवद्या आईनं आपलं तान्हं बाळ पतसंस्थेच्या जरीच्या शालीत गुंडाळलं, आणि थंडीनं किरकिरणारं ते बाळ बघता बघता झोपलं. सुभेदारांचे डोळे भरून आले. इतक्या शाली खांद्यावर मिरवल्या, पण इतकं सुख त्यांना कधी झालं नव्हतं. कुणी बघू नये म्हणून ते आरसा पुसत बसले.

एवढ्यात टोळीतली एक म्हातारी जर्मनच्या पेल्यात चहा घेऊन आली. "घे लेकरा, कवाचा बसलायस गाडीत."

सहासष्टाव्या वर्षी कुणी लेकरू म्हटलं! सुभेदार येताना रस्ताभर गुणगुणत होते आणि बनुबाई त्यांना हसत होत्या. रविवारी नात आली. तिच्या झबल्यांनी कपाट भरलं. घरात शाल औषधालासुद्धा नव्हती.

सोमवारी सकाळी सरपंच रविराज दारात हजर.

"आबा, टोळीत शाली वाटल्या त्याची लय चर्चा हाय बगा. शुक्रवारी तालुक्याला मेळाव्यात सत्कार ठरवलाय."

सुभेदार ताडकन उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून स्पष्ट शब्द आला, "न्हाई!"

आणि मग ते जे सुरू झाले! दान गुपचूप करायचं असतं, मिळायचं ते सुख मिळालं, आता ह्या खांद्यावर शाल चढणार नाही, असं ते दहा मिनिटं बोलले. रेश्मा बाळाला घेऊन बाहेर आली. बनुबाई हातातली परात तशीच धरून अभिमानानं बघत राहिल्या. रविराज मान खाली घालून ऐकत होता. सुभेदार दम घ्यायला थांबले, तेव्हा तो चाचरत म्हणाला,

"आबा, सत्कार काकींचा हाय."

सुभेदार खाली बसले.

"टोळीवाले सांगत हुते, एक बाई आलती, लय मायाळू. पोरीबाळींना सोताच्या हातानं शाल पांघरवून गेली."

"मग मला कशाला सांगतोयस?" सुभेदार पुटपुटले.

"काकींना न्यायला गाडी पायजे," रविराज खिशातून मोबाईल काढत म्हणाला. "त्या दिवशी काकींच्या संगं एक म्हातारा ड्रायव्हर हुता म्हनं, गरीब सोबावाचा. त्याचा नंबर असला तर द्या की."