बूट काढून पाहणारे दादाराव

शेजारचे दादाराव कुठलाही बास्केटबॉल खेळाडू पाहताना आधी मनातल्या मनात त्याचे बूट काढून ठेवत. सिमेंटच्या कोर्टवर एखाद्याने लांबून बास्केट मारली, लोकांनी टाळ्या कुटल्या, की हे माझ्या कानाशी लागत. "बूट काढ गा त्याचे. आमच्या जमान्यात आण, मातीवर. नाही टिकत!"

हा न्याय ते सगळ्यांनाच लावत. आमच्याकडे गॅस आला तेव्हा म्हणाले, "सूनबाईले म्हण, चुलीवर असं वरण करून दाखव." "त्यायले म्हणा, आधी स्वतः भात तं करून दाखवा," असं बायको आतून म्हणाली आणि वाटीभर वरण पाठवून दिलं. दादाराव विधुर, कचेरीतून रिटायर झालेले. वरण मात्र घेतलं.

गल्लीमागे त्यांच्या तरुणपणीचं मातीचं मैदान होतं. पाच जणांची त्यांची टीम तिथेच घडली. त्यांतले दोघे वारले, एक काटोलला संत्र्यांत रमला, एक मुलाकडे परगावी गेला. दादाराव मात्र दर रविवारी पाणी मारून, रोलर ओढून, चुन्याच्या फक्कीने रेषा आखत. सिमेंटवरच्या प्रत्येक हिरोला इथे मातीवर खेळून दाखवायचं त्यांचं आमंत्रण असे. पोरं हसत, घटकाभर वाद घालत आणि निघून जात.

एका रविवारी मात्र राज्याच्या टीममधला सुधाकर खरंच आला. "काका, आज पाहूनच घेऊ," म्हणत त्याने बूट काढले. गल्ली गोळा झाली. पहिलाच बॉल खड्यावर आपटून भलतीकडे उडाला, सुधाकर पडता पडता वाचला. दादाराव खुलले. पण मग त्या पठ्ठ्याला माती उमगली आणि बास्केटमागून बास्केट पडू लागली. दादारावांचा जन्मभराचा दावा सगळ्यांदेखत निकालात निघत होता आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या तेच वाजवत होते. "चालला असता गा! आमच्या टीममध्ये चालला असता!"

सुधाकर पाया पडून गेला. गल्ली पांगली. दादाराव बास्केटच्या खांबाशी बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "एक दिवस जमलं त्याला. म्हणून काय तुम्ही हरलात?"

"तू काहून तोंड पाडून राहिला?" बॉलवरची माती पुसत ते म्हणाले. "हरल्याचं काही नाही गा मले. नाही टिकत म्हटलं, की कोणी ना कोणी भांडाले येते. आज टिकते म्हणून मीच कबूल करून बसलो. आता कोणाले काय म्हणून बोलावू?"