खुर्चीवरून शारजा

झिबल माझा साळा. दुपारचं जेवण झालं की अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो, दुपट्ट्याने स्वतःला खुर्चीशी करकचून बांधून घेतो आणि साडेतीन तास उठत नाही. कोणी हाक मारली तर तिथूनच सांगतो, "मी शारजाले जाऊन राहिलो. उतरल्यावर ये."

शारजाला माझी पोरगी वंदना असते. तिचे दिवस भरत आले. बाळंतपणाला माझी बायको जाणार होती, पासपोर्टही काढला होता. दिवाळीच्या आधी ती वारली. तेरवीच्या पंगतीतच झिबल म्हणाला, "बाई नाही तं मी जातो. मामा काय मेला का?"

बाळंतपणाला मामा, म्हणून बायका पदराआड हसल्या. हा हसला नाही.

अडचण त्याच्या पायांची. जन्मभर हातमाग चालवला. बसला की पाय आपोआप खालीवर होतात, माग नसला तरी. पंगतीत शेजाऱ्याच्या पत्रावळीला लाथ लागते. "विमानात पुढच्याच्या पाठीत बसली तं मधातच उतरवून देतीन," म्हणतो. म्हणून ही प्रॅक्टिस.

तिकीटवाल्याशीही भांडून आला. तिकिटावर जायला दोन तास, यायला पाच. दोन्हीकडची घड्याळं वेगळी असतात, असं त्याने समजावलं. झिबल ऐकेना. "घड्याळाचं राहू दे. लेकीच्या घरून आपला पाय निघत नाही, मंग विमानाचा काहून निघन?"

"मग तू साडेतीन तास कशाला बसतो गा?" मी विचारलं.

"मधातलं धरलं."

त्याच्या बाजूला दुसरी खुर्ची असते. तिच्यावर कोणाला टेकू देत नाही. "रिझर्व आहे." बहिणीसाठी असेल, असं मी समजलो.

वंदना फोनवर मलाही ये म्हणते. मी सरळ सांगितलं, तुझी माय नाही तर मी तिथे येऊन काय भिंती पाहू? आणि दुपारचा दार लावून पडून राहतो.

काल दार वाजलं. पाहतो तर झिबल, खुर्ची पाठीला बांधलेलीच, कमरेत वाकून उभा.

"विमान सोडून आला का गा?"

"थांबवलं तुमच्यासाठी. वंदनाच्या दारात मी एकटा उभा राहू का? माय नाही, बापही नाही? चला, खिडकीची तुमची."

"मी येत नाही म्हटलं ना एकदा."

"शारजाले कोण म्हणून राहिलं, भाऊजी? अंगणापर्यंत तं या."

गेलो. त्याने माझ्या कमरेला दुपट्टा आवळला, बजावलं, "पाय हलवाचे नाही," आणि डोळे मिटून बसला.

थोड्या वेळाने पाहिलं तर त्याचेच पाय चालू होते, खालीवर, खालीवर. माझ्या बायकोची सगळी लुगडी त्याच पायांनी विणलेली. मी त्याला टोकलं नाही. उतरेपर्यंत बसून राहिलो.