आम्ही मंगळवारीच निघालो

विपुल इंगोले बँकेत होता, त्यामुळे त्याला विमा विकता येत होता. विकत घेता येत नव्हता. आठ वर्षं काउंटरमागे बसून तो लोकांना सांगत आला होता, "अंकलजी, सफर में कुछ भी हो सकता है, ले ही लीजिए." लोक घेत. विपुल मात्र प्रत्येक पॉलिसी शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचायचा, आणि एवढं वाचल्यावर ती स्वतःसाठी घ्यायची त्याची कधी छाती झाली नव्हती.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. मागच्या वर्षी बाबारावांच्या हृदयात दोन स्टेंट टाकले, तेव्हा दवाखान्यात वडिलांचा हात धरून हा पठ्ठ्या बोलून बसला, "बाबा, तुम्ही फक्त बरे व्हा. तुम्हाले विमानात बसवतो." बाबाराव पंधरा दिवसांत बरे झाले आणि सोळाव्या दिवसापासून विमानाची चौकशी करू लागले. चार वर्षांत पहिल्यांदा विपुलला सलग आठ दिवसांची रजा मिळाली. थायलंडचं बुकिंग झालं, तेही रद्द केलं तर छदाम परत न मिळणारं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला जबलपूरहून मुंबईची गाडी, आणि मुंबईहून विमान. बाबारावांनी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून पांढरे शुभ्र स्पोर्ट शूज आणले आणि जेवणाच्या खुर्चीवर कमरेचा पट्टा आवळून सीट बेल्टचा सराव सुरू केला.

"विम्याशिवाय मी पाऊल नाही टाकणार," मेघाने, म्हणजे विपुलच्या बायकोने, बजावलं. "तिकडे बाबांना काही झालं तर? दिवसभर दुसऱ्यांना घाबरवता, अन् घरच्यांसाठी एक पॉलिसी नाही घेता येत?"

"घेऊन राहिलो ना! पण कुठून घेऊ, सांग. माझ्या बँकेची घेऊ? त्यातला नववा नियम मला पाठ आहे."

"मग बंडूमामांकडून घ्या."

बंडूमामा हे मेघाचे नागपूरचे मामा आणि विमा एजंट. त्यांच्याकडून घ्यावं तर पुढची वीस वर्षं ते दर लग्नात सर्वांसमक्ष विपुलला आपला ग्राहक म्हणणार. न घ्यावं तर वीस वर्षं बोलणार नाहीत. विपुलला दुसरा पर्याय बराच बरा वाटला, म्हणून त्याने कॉम्प्युटर उघडला. सोमवार गेला, मंगळवार गेला. एका कंपनीत हृदय चालत होतं पण दात चालत नव्हते, दुसरीत सामान हरवलं तर चालत होतं पण माणूस हरवला तर नाही. बुधवारी सुट्टी टाकून, डोळे मिटून त्याने एका कंपनीचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

पलीकडची मुलगी फार गोड होती. तिने बाबारावांच्या स्टेंटची चौकशी केली. "मला काही आजार नाही," बाबाराव आतून ओरडले, "स्टेंट टाकला म्हणजे आजार गेला ना!" तरी तिने ते लिहून घेतलं, थोडा हप्ता वाढवला, आणि म्हणाली, "सर, बस अब सबके पासपोर्ट नंबर बता दीजिए."

विपुलने कपाट उघडलं. पासपोर्ट नव्हते. त्याने ड्रॉवर उपसले, बॅगा उपसल्या, लेकीचं, दुर्वाचं, दप्तरही उलटं केलं.

"आई, पासपोर्ट पाहिले का कुठे?"

अंजनीबाई शांतपणे मेथी निवडत होत्या. "राधाबाईकडे हायेत."

"राधाबाईकडे? काहून?"

"प्रस्थान ठेवलं ना मी काल. शुक्रवारी पश्चिमेकडे निघत नसतात. तुले सांगून काय फायदा होता?"

विपुलने हातातलं दप्तर खाली टाकलं. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, आणि मुंबई तर काही केल्या पश्चिमेलाच राहणार. रेल्वे काही अंजनीबाईंसाठी वार बदलणार नव्हती. तेव्हा त्यांनी जुनी वाट काढली होती: चांगल्या मुहूर्तावर प्रवासाची वस्तू फडक्यात बांधायची, सोबत सुपारी आणि हळकुंड घालायचं, आणि ते गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. वस्तू निघाली म्हणजे माणसं निघाली. मग खऱ्या दिवशी ते वाटेत उचलायचं आणि पुढे जायचं. मधे गाठ सोडायची नाही आणि प्रवास झाल्याशिवाय गाठोडं घरात आणायचं नाही. इतर बायका एखादा रुमाल ठेवतात. अंजनीबाईंनी विचार केला, परदेशाचं काम आहे, रुमालाने काय होतं? आणि पाचही पासपोर्ट बांधून गल्लीच्या टोकाला राधाबाईंच्या देवघरात ठेवून दिले.

"आई, प्रवास शुक्रवारी आहे!"

"तो गाडीचा. आपण मंगळवारीच निघालो."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून गोड आवाज जरा सावध झाला. "सर, आपकी जर्नी शुरू हो चुकी है?"

"नहीं नहीं, मॅडम, वो मेरी माताजी..."

पण अंजनीबाईंनी फोन हातात घेतला होता. परक्या मुलीशी खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. "हाँ बेटा, मंगलवार को निकले. सुबह नौ चालीस पे."

"तो आप अभी कहाँ हैं, माताजी?"

"घर पे."

"किसके घर पे?"

"अपने ही."

"मतलब आप लोग वापस आ गए?"

"वापस कैसे आएँगे? अभी तो निकले हैं!"

 मग ती मुलगी म्हणाली की यात्रा सुरू झाल्यावर विमा देता येत नाही, प्रस्ताव रद्द करावा लागेल, हा कॉल रेकॉर्ड झालेला आहे, आणि आपका दिन शुभ हो. विपुलने कपाळ भिंतीला टेकवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. तेवढ्यात अकरा वर्षांची दुर्वा आली. "पापा, पासपोर्ट नंबर तो विमानाच्या तिकिटवर पण लिहिलेला आहे ना? मैं वही बोलने वाली थी."

शेवटी नाक मुठीत धरून बंडूमामांना फोन केला. "अरे जावईबापू, आधीच नाही का यायचं?" मामा विजयी स्वरात म्हणाले. पण तासाभराने त्यांचा परत फोन आला तेव्हा स्वर उतरला होता. मामाही नेमकी त्याच कंपनीची पॉलिसी विकत होते, आणि तिथल्या कॉम्प्युटरवर इंगोले कुटुंबासमोर लाल खूण आली होती: यात्रा आधीच सुरू.

"काय केलं बे तुम्ही लोकांनी?" मामा म्हणाले. "आता एकच उपाय. लिहून द्या, की आमचा प्रवास सुरू झालेला नाही, तो शुक्रवारी पाच वाजता गाडी सुटल्यावर सुरू होईल. सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. विहीणबाईंची तर पाहिजेच, रेकॉर्डिंग त्यांचंच आहे."

विपुलने पत्र लिहिलं. मेघाने सही केली, बाबारावांनी तर चष्मा न लावताच केली. अंजनीबाईंनी पेनला हात लावला नाही.

"देवासमोर निघाली मी. आता नाही निघाली असं लिहून देऊ?"

"आई, कागदावरच आहे ना फक्त! मी हात जोडतो."

"मग निघताना काही आडवं आलं तर मला बोलू नको."

शेवटी बाबाराव खुर्चीवरून, पट्टा न सोडता, म्हणाले, "अंजनी, कर ना वं सही. आता मी किती दिवसांचा? एकडाव ढगाच्या वरून पाहू दे." त्यावर अंजनीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सही केली, मग देवासमोर दिवा लावून हे फक्त कंपनीपुरतं आहे असं सांगून टाकलं. गुरुवारी दुपारी पॉलिसी आली. विपुल चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

शुक्रवारी तीन वाजता दारात दोन ऑटो उभे राहिले. सामान चढलं. गाठोडं घरातल्या वडील माणसाने उचलायचं असतं, म्हणून बाबाराव पांढरे शूज घालून ऐटीत राधाबाईंच्या घराकडे चालत गेले. राधाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्याच होत्या. बाबाराव देवघरात गेले तोवर, त्यांच्या वाटेतलं विघ्न टळावं म्हणून, राधाबाईंनी उंबऱ्यापुढच्या गुळगुळीत टाइलवर नारळ फोडला. नारळाचं पाणी पसरलं. बाबाराव गाठोडं छातीशी धरून बाहेर आले आणि नव्या शूजसकट त्या पाण्यावरून थेट अंगणात गेले.

गाठोडं त्यांनी खाली पडू दिलं नाही. राधाबाईंनी ते उचलून पुन्हा देवघरात ठेवलं, आणि नंतर आठवडाभर त्या सगळ्यांना तेवढंच सांगत होत्या. पण उजव्या पायाचा घोटा मोडला. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा इंगोले कुटुंब हाडांच्या दवाखान्यात होतं. "छह हफ्ते प्लास्टर," डॉक्टर म्हणाले. "हवाई जहाज भूल जाइए." बाबाराव तोपर्यंत हूं की चूं करत नव्हते, हे ऐकून मात्र हमसून हमसून रडले. विपुललाही रडायचं होतं, पण एकाच खोलीत दोघांनी कसं रडायचं, म्हणून तो बाहेर गेला आणि बंडूमामांना फोन लावला.

शनिवारी मामांचा निरोप आला. "नाही होत, जावईबापू. विमा प्रवास सुरू झाल्यापासून लागू. अपघात तीन वाजून दहा मिनिटांनी झाला. तुम्हीच लिहून दिलं, की प्रवास पाच वाजता सुरू होईल."

"मामा, मंगळवारी सुरू झाला होता! त्यांच्याच बाईने सांगितलं! रेकॉर्डिंग आहे!"

"आहे ना. त्याच्यानंतरचं पत्रपण आहे."

"म्हणजे विमा द्यायची वेळ आली तेव्हा आम्ही निघालेलो होतो, अन् पैसे द्यायची वेळ आली तेव्हा घरीच बसलेलो?"

"नववा नियम," मामा हळूच म्हणाले. "प्रवास कधी सुरू झाला, ते कंपनी ठरवते."

विपुलने फोन ठेवला. नववा नियम सगळ्यांचा सारखाच असतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? अंजनीबाईंनी टोमणा न मारता त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि त्याला त्याचाच जास्त त्रास झाला. रजेचे आठही दिवस समोर पसरले होते. थायलंडची तिकिटं टेबलावर पडली होती. बाबाराव पाय उशीवर ठेवून छताकडे बघत होते.

त्यात राधाबाई सकाळ-संध्याकाळ विचारायला येत होत्या. "अंजनी, गाठोडं कधी नेतेस? माझ्या देवघरात दुसऱ्याचं प्रस्थान अडकून पडलंय, मला झोप नाही." घरात तर ते आणता येत नव्हतं, प्रवास न करता परत आलेलं प्रस्थान अंजनीबाई दारातसुद्धा येऊ देणार नव्हत्या.

"मग त्याले फिरवून आणू ना कुठंतरी," बाबाराव पडल्यापडल्या म्हणाले. दोन दिवसांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं.

रविवारी ऑटो भेडाघाटला गेला. जबलपूरच्या माणसाने पाहुण्यांना घेऊन भेडाघाटला जायचं असतं, स्वतःसाठी कोणी जात नाही. विपुलने ते संगमरवरी खडक वीस वेळा तरी बघितले असतील. भेडाघाट पश्चिमेला, आणि रविवारीही पश्चिमेला दिशाशूलच होता, पण प्रस्थान तर केव्हाच झालं होतं, त्यामुळे अंजनीबाईंना त्याची काही फिकीर नव्हती. दोन नावाड्यांनी बाबारावांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून घाटाच्या पायऱ्या उतरवल्या. त्यांच्या मांडीवर गाठोडं होतं, गाठ तशीच. नावेत बसवल्याबरोबर त्यांनी आजूबाजूला चाचपून पाहिलं.

"पट्टा नाही का याले?"

नावाड्याने त्यांच्या गळ्यात नारिंगी जॅकेट घातलं आणि ते बांधून दिलं. बाबारावांनी त्याचा पट्टा स्वतः दोनदा सोडून परत लावला. मेघाने तोंड नदीकडे फिरवलं.

विपुल खिडकीवरून तिकिटं घेऊन आला होता. लहानसा गुलाबी कागद. त्यावर खाली छापलेलं होतं, 'बीमा शुल्क सहित'. त्याने तिकीट उलटं करून पाहिलं. मागे काहीच नव्हतं, एकसुद्धा नियम नाही. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट मागितला नव्हता, स्टेंट विचारला नव्हता, प्लास्टर तर त्याने बघितलंसुद्धा नव्हतं. विपुल तो कागद दोन्ही हातांनी जपून धरून नावेत चढला.

नावाड्याने तिकीट फाडायला हात पुढे केला. "चलें बाबूजी? सफर शुरू करें?"

"शुरू तो मंगलवार को ही..." अंजनीबाई म्हणाल्या.

विपुलने एका झेपेत नाव ओलांडली आणि आईच्या तोंडावर हात ठेवला.

"आई," तो काकुळतीने म्हणाला, "तिकीट फाडू दे आधी."