मारोतभाऊजींची पंगत

आमच्या फाट्यावर विजेच्या गाड्या जेवायला थांबतात. हे मी म्हणत नाही, आमचे मारोतभाऊजी म्हणतात. आणि एकदा थांबलेली गाडी पोट भरल्याशिवाय उठत नाही, म्हणजे तेच उठू देत नाहीत. गाडीवाला घड्याळ पाहतो, किल्ली काढतो, की खाटेवरून आवाज येतोच, "चाल्ले कुठं? पानावर अजून अठरा टक्के राह्यलं ना!"

मारोतभाऊजी माझे चुलत दीर. पासष्टी उलटली, पण कमरेला पंचा अजून असा बांधलेला की आत्ता वाढायला निघतील.

आमचं गाव पांढरकवड्याच्या अलीकडे, नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून. रस्ता चौपदरी झाला तेव्हा भाऊजींच्या शेताचा एक चुनखडीचा तुकडा त्याला चिकटून राहिला. तिथं कापूसही धड येत नव्हता. मग एका कंपनीची माणसं आली. त्यांना या रस्त्यावर ठराविक अंतरानं विजेच्या गाड्या भरायची यंत्रं बसवायची होती, म्हणजे कोणाची गाडी मधेच अडकायला नको. त्यातलं एक यंत्र आमच्या फाट्यावर आलं. विजेची डीपी आली, शेड झाली, कपाटाएवढं यंत्र उभं राहिलं, त्याला दोन जाडजूड केबली. देखरेखीला भाऊजी.

मी पहिल्याच दिवशी पाहायला गेले. नवी वस्तू दिसली की तिला हात लावल्याशिवाय मला राहवत नाही. केबलीला लावला, तर ती कोमट! गाईच्या कानासारखी.

"भाऊजी, ही खाते तरी कशी हो?"

"हे पाहा वैनी." त्यांनी पडद्यावरचा आकडा दाखवला. बघता बघता एकतीसचे पस्तीस झाले. "पंगतीतल्या पोरावानी हाये हे. पह्यले हबहब खाते. अर्ध्या-पाऊण तासात ऐंशी गाठते. मंग बसते चिवडत. शेवटचे वीस टक्के घ्याले पुन्हा तितकाच टाइम."

"मग ऐंशीलाच सोडायची ना."

"कंपनीचा इंजिनेरही असाच म्हने," असं म्हणून भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पाहुण्याच्या पुढचं ताट ओढून घ्यायला सांगितलं.

इंजिनिअरनं खरंच सांगितलं होतं. बॅटरीचा स्वभावच तसा आहे, ऐंशीच्या वर ती हळू घेते, ऐंशीत माणूस आरामात पुढच्या यंत्रापर्यंत जातो, तेवढ्यात इथं दुसरी गाडी लावता येते. भाऊजींनी हो हो म्हटलं आणि सगळं कानाआड टाकलं. त्यांचंही काय चुकलं? जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय?

आमच्या पंचक्रोशीत लग्न असो, तेरवी असो, वाढायला मारोतभाऊजी. मांडव घालायच्या आधी त्यांना बोलावणं जायचं. वरणाची बादली एका हातात, वगराळं दुसऱ्या हातात, आणि डोळे पंगतीच्या पार टोकाला. कोणाचा भात संपला, कोण लाजून हात आडवा करतं, कोण खरंच पोट भरलं म्हणून करतं, त्यांना लांबून कळायचं. "लाजू नका पाहुणे, सासर नाई हे!" म्हणत ते असं वाढायचे, की माणूस हात धुवायला उठताना कण्हायचा. आमच्या घरून कोणी अर्धपोटी गेला नाही, हे ते आपल्या घराबद्दल नाही, अख्ख्या तालुक्याबद्दल सांगत.

मग बफे आला. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न वर्ध्याच्या कार्यालयात झालं. माणसं ताटं घेऊन रांगेत उभी. भाऊजींना राहवेना. नव्या सदऱ्याच्या बाह्या सारून ते जिलबीच्या परातीकडे गेले, चिमटा उचलला. पांढऱ्या टोपीतला एक माणूस आला, अदबीनं म्हणाला, "आप बैठिए, बाबूजी," आणि चिमटा त्यांच्या हातातून काढून घेतला. नवरीचा बाप दिवसभर मांडवात फिरत होता. हात खिशात घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. मी पाहिलं आहे ते. पुढं आमच्या गावातली लग्नंही तशीच व्हायला लागली. मुलगी पुण्याला गेली. दोन वर्षांनी शांता, माझी जाऊ, गेली. घरात भाऊजी एकटे.

अशा माणसाच्या हाती कंपनीनं दोन केबली दिल्या. भाऊजी त्यांना वगराळंच म्हणतात. "थांबा साहेब, दुसरं वगराळं रिकामंच हाये."

त्यांच्या पंगतीचे नियम मी बसून बसून पाठ केले आहेत. गाडीत बसून फोनवर भांडायचं नाही, गाडीच्या अंगाला लागत नाही. शेजारची गाडी मागून आली असेल तर पहिलीनं निदान ती अर्धी होईपर्यंत थांबावं, एकट्याला ताटावर सोडून उठणं बरं दिसत नाही. आणि शंभरच्या आत उठायचं नाही. एका नवरदेवाची वरात त्यांनी ब्याण्णववर अडवली. नवरदेव म्हणाला, "काका, मुहूर्त टळतो!" भाऊजी म्हणाले, "नवरी थांबते, पन अर्धपोटी गाडी रस्त्यात थांबली तं? बसा." तो बसला! माणसं ऐकतात कशी, याचंच मला नवल. आदिलाबादचे एक औषधांचे एजंट दर आठवड्याला नागपूरला जातात, भाऊजी त्यांना गोलीवाले साहेब म्हणतात. ते तर येतानाच सांगतात, "काका, आज जल्दी है, पंचानबे में छोड देना." भाऊजी सत्त्याण्णववर तडजोड करतात.

पण मागं रांग लागायची. लोक पाहायचे, चिडायचे, निघून जायचे. फोनवर आमच्या फाट्याला दोनच तारे पडले. एकानं लिहिलं, "इथले काका जाऊ देत नाहीत." शेवटी कंपनीचं पत्र आलं. भाऊजींनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मतलब एवढाच, की या ठिकाणी दिवसाला फार थोड्या गाड्या भरल्या जातात. नागपूरहून मॅडम पाहायला येतील. सुधारणा दिसली तर दुसरं यंत्र मिळेल, नाही तर आहे तेही उचलून वडकीकडच्या ढाब्यावर नेऊ.

"नेतीन वैनी," भाऊजी म्हणाले. "मंग मी त्या रिकाम्या शेडखाली काय करू?"

"मग सोडा ना ऐंशीला!"

"ते नाई जमत." आणि मान फिरवून बसले.

मॅडम आल्या त्या दिवशी मी चहा घेऊन गेले. खोटं कशाला सांगू, चहा निमित्ताला होता. मॅडम वयानं माझ्या नातीएवढी, मांडीवर लॅपटॉप घेऊन खाटेच्या काठावर बसलेली. दोन्ही केबली लागलेल्या. एकीला नागपूरची निळी टॅक्सी, चाळीसच्या आसपास. दुसरीला गोलीवाले साहेबांची पांढरी गाडी, चौऱ्याऐंशीवर. साहेब निवांत डब्यातले पोहे खात होते.

तेवढ्यात आदिलाबादकडून एक लाल गाडी अक्षरशः सरपटत आली. एसी बंद, काचा खाली, आतली माणसं घामानं निथळलेली. बाप चालवत होता, मागं आई आणि मांडीवर फाईल धरलेली मुलगी. बाप उतरला, दोन्ही केबली पाहिल्या आणि बॉनेटला टेकून उभा राहिला.

मी विचारलं, "किती उरलं हो?"

"चार टक्के," मुलगी आतूनच म्हणाली. "दोन वाजता नागपूरला पेपर आहे आजी."

साडेनऊ वाजले होते. मॅडमनं लॅपटॉपवरून नजर उचलली. मी भाऊजींकडे पाहत होते. त्यांनी पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, लाल गाडीकडे पाहिलं. पंचा सोडला, पुन्हा बांधला. आणि पंगतीत आरोळी ठोकायचे तशी ठोकली, "मठ्ठा आना रे!"

तिथं मठ्ठा आणणारं कोणी नव्हतं. पण आमच्याकडे ज्यानं पंगत पाहिली आहे त्याला कळतं, मठ्ठा आला की जेवण संपलं. गोलीवाले साहेबांना तेवढं बरोबर कळलं. हातात चमचा तसाच धरून ते उठले, "काका, मेरा सौ तो होने दो! सोला बाकी है!"

"मांगं पाहुना उभा हाये साहेब. मांगं मानूस उपाशी उभा असला तं तुमच्या घशाखाली पोहा उतरते का?"

"आप ही ने तो आदत लगाई!"

"लावली. आता मीच मोडून राह्यलो. उघडा गाडी."

साहेबांनी गाडी उघडली, भाऊजींनी केबल काढली आणि स्वतः लाल गाडीला लावली. पाऊण तास ते पडद्यासमोरून हलले नाहीत. ऐंशी झाले तसे कोणी सांगायच्या आत त्यांनीच केबल काढली. "जाय बाई, चांगला लिही पेपर." मुलगी हसली, बापानं हात जोडले, गाडी गेली. मॅडमनं लॅपटॉपमध्ये काहीतरी लिहिलं, माझा चहा प्यायली आणि तीही गेली.

आठ दिवसांनी कळवलं, यंत्र राहणार, दुसरंही येणार. एकच अट, आता ऐंशी झाले की यंत्र आपोआप थांबेल. गावात कौतुक झालं. सरपंच येऊन शेडखाली फोटो काढून गेले. गाड्या वाढल्या, तारेही वाढले. भाऊजी मात्र पंचा खांद्यावर टाकून बसू लागले.

परवा दुपारी मी घाटंजीच्या बाजारातून येताना फाट्यावर उतरले. एक तरुण गाडी लावून फोनमध्ये डोकं घालून बसला होता. ऐंशीला यंत्र थांबलं, त्यानं केबल काढून जागेवर अडकवली, हात वर केला, गेला. शेडखाली आम्ही दोघंच. दोन्ही केबली रिकाम्या.

"काय भाऊजी, चांगलं चाललंय ना आता?"

"चांगलंच हाये." मग रस्त्याकडे पाहत म्हणाले, "वैनी, एक सांगू? पह्यल्या ऐंशीत कोनीच बोलत नाई. मोबाइलात पाहत राह्यते. ऐंशीच्या वर गाडी रेंगाळते, मोबाइलचाही कंटाळा येते, मंग मानूस मान वर करते. इचारते, काका, औंदा कापूस कसा हाये. मंग सांगते, माय बिमार हाये, नोकरी जाऊन राह्यली, पोरगा बोलत नाई. त्या गोलीवाल्याचा भाऊ वारला, त्यानं घरी सांगाच्या आंधी मले सांगतलं. शहाण्णववर होती गाडी." त्यांनी खांद्यावरचा पंचा मांडीवर घेतला. "शांता गेल्यापासून माह्यासंग जे कोनी बोललं ना, ते ऐंशीच्या पुढंच बोललं."

ट्रक जात होते, शेडचा पत्रा थरथरत होता.

"तुमाले घाई तं नाई वैनी?"

घाई होती. अंगणात तूर वाळत पडली होती आणि शेजारच्या शेळ्या मोकळ्या सुटलेल्या होत्या.

"नाही," मी म्हटलं, पिशवी खाली ठेवली, आणि खाटेवर पाय वर घेऊन बसले.